हिशेबी माणूस



मागच्या दिवाळीत आपल्या बॅचच्या ग्रुपवर एक प्रश्न आला होता, बऱ्याच जणांना आठवत असेल. ‘पंचवीस वर्षांच्या मेळाव्यातली शिल्लक किती, आणि ती आहे कुठे?’ खजिनदार मी. प्रश्न अगदी सरळ होता, पण मला तो झोंबला. इतकी वर्षं एकत्र डबे खाल्ले आणि आता माझ्याकडे हिशेब मागतात, असं वाटलं. तीन दिवस मी उत्तरच दिलं नाही. त्या तीन दिवसांत ग्रुपवर काय काय झालं ते इथे उगाळत नाही. चौथ्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट आणि पावत्यांचे फोटो टाकले, पण तोवर दोघं जण ग्रुप सोडून गेले होते आणि एक वेगळा ग्रुपही निघाला होता.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायच्या असं ठरवलं होतं. पण त्या तुम्ही सगळे माझ्यापेक्षा चांगल्या लिहाल. दहावीत इतिहास हा माझा आवडता विषय होता, नंतर इंजिनिअरिंगला गेले आणि तो सुटला. म्हणून इतिहासातल्या एका माणसाची गोष्ट सांगते. ती मला त्या तीन दिवसांत आठवायला हवी होती.

2009 साली कंपनीने मला दोन वर्षांसाठी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला पाठवलं. काम होतं बँकांच्या व्यवहारांची जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं. एका यादीतली प्रत्येक नोंद दुसऱ्या यादीत सापडते का, हे पाहायचं आणि जी सापडत नाही तिचा माग काढायचा. राहायला जागा मिळाली अ‍ॅशली डाउन नावाच्या चढावरच्या भागात. तिथे ग्लॉस्टरशायर काउंटीचं क्रिकेटचं मैदान आहे. हे तेच मैदान, जिथे 23 मे 1999 रोजी केनियाविरुद्ध सचिनने नाबाद 140 धावा केल्या होत्या, वडिलांचे अंत्यसंस्कार करून परत गेल्यावर. तो सामना आपल्यातल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिला असेलच. त्या मैदानाला लागून करड्या दगडाच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. मला वाटलं जुनी गिरणी असेल, नाहीतर तुरुंग. शेजारच्या आजींनी सांगितलं, ‘ते म्युलरचं अनाथालय होतं.’ खाली जो मोठा रस्ता जातो, त्याचं नावही म्युलर रोड.

हा जॉर्ज म्युलर मूळचा इंग्रज नव्हे. 27 सप्टेंबर 1805 रोजी प्रशियातल्या क्रोपेनश्टेट या गावी तो जन्मला. वडील सरकारी करवसुली खात्यात होते, म्हणजे घरात सरकारी पैसा असायचा आणि त्याचा हिशेब असायचा. मुलांना पैसा बाळगण्याची सवय लागावी म्हणून वडील त्यांच्या हाती वयाच्या मानाने बरेच पैसे देत आणि अधूनमधून हिशेब विचारत. जॉर्ज खोटा हिशेब लिही. मिळालेल्यातले काही पैसे मांडायचेच नाहीत, किंवा खर्च झालेले पैसे शिल्लक दाखवायचे. दहा वर्षांचा होण्याआधीच तो वडिलांकडच्या सरकारी पैशांतून चोरी करू लागला होता. शेवटी वडिलांनी एकदा ठरावीक रक्कम मोजून खोलीत ठेवली आणि त्याला तिथे एकटं सोडलं. पैसे कमी भरले, झडती घेतली, तर ते बुटात निघाले.

पुढे सोळाव्या वर्षी खानावळींची बिलं बुडवल्याबद्दल त्याला वोल्फेनब्युटेल इथे अटक झाली. डिसेंबर 1821 ते जानेवारी 1822 असे साडेतीन आठवडे तो तुरुंगात होता. वडिलांनी पैसे भरले तेव्हा सुटला. हे सगळं त्याने नंतर स्वतःच लिहून छापलं आहे. कुणी शोधून काढलेलं नाही.

वडिलांच्या इच्छेनुसार तो हाले विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला गेला. पाद्र्याची नोकरी म्हणजे खाऊनपिऊन सुखी, एवढाच त्यामागे विचार होता. नोव्हेंबर 1825 मध्ये एका मित्राबरोबर तो एका साध्या घरातल्या प्रार्थनेला गेला आणि तिथून त्याचं आयुष्य पालटलं. 1829 मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो लंडनला आला. मायबोली जर्मन, इंग्रजी नव्याने शिकलेली, ओळखीपाळखी नाहीत, त्यात आजारपण. हवापालटासाठी तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या टीनमथ गावी गेला. तिथे त्याला हेन्री क्रेक हा आयुष्यभराचा मित्र भेटला आणि त्या दोघांना ‘ब्रेदरन’ नावाने पुढे ओळखले गेलेले लोक भेटले.

ब्रेदरन म्हणजे बंधुजन. डब्लिन, प्लिमथ अशा गावांत त्या सुमारास लहान लहान गट जमू लागले होते. नेमलेला, दीक्षा घेतलेला पाद्री हवाच असं ते मानत नसत. दर रविवारी भाकर मोडून येशूची आठवण करायची, आणि सभेतल्या कुणालाही बोलायला उभं राहता यावं, अशी त्यांची साधी रीत. म्युलरने 1830 मध्ये मेरी ग्रोव्ह्जशी लग्न केलं. मेरीचे भाऊ अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हे एक्सेटरचे दंतवैद्य. आपला चांगला चालणारा व्यवसाय सोडून ते आधी बगदादला आणि नंतर हिंदुस्थानात आले.

त्याच वर्षी म्युलरने ठरलेला पगार घेणं बंद केलं. त्या काळी चर्चमधली चांगली बाकं भाड्याने देत आणि त्या भाड्यातून पाद्र्याचा पगार निघे. श्रीमंत पुढे, गरीब मागे. म्युलरला हे पटेना. त्याने बाकांचं भाडं बंद करून दाराशी एक पेटी ठेवली. ज्याला द्यायचं त्याने गुपचूप त्यात टाकावं. नवराबायकोने दोन गोष्टी ठरवल्या. कुणाकडे मागायचं नाही आणि कुणाचं कर्ज काढायचं नाही.

1832 मध्ये म्युलर आणि क्रेक ब्रिस्टलला आले. त्याच वर्षी शहरात कॉलऱ्याची साथ आली. ऑगस्टमध्ये बेथेस्डा चॅपलमध्ये सात जणांची मंडळी सुरू झाली, हे दोघे धरून तीन पुरुष आणि चार स्त्रिया. त्या सात जणांच्या मंडळीशी म्युलर पुढची 66 वर्षं, मरेपर्यंत, बांधलेला राहिला.

अनाथालयाची कल्पना हालेच्या दिवसांतली. तिथे फ्रांके नावाच्या धर्मगुरूने सतराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेलं मोठं अनाथालय त्याने पाहिलं होतं. पण म्युलरने लिहून ठेवलेला उद्देश वाचला तेव्हा मी चकित झाले. मुलांचं भलं हा हेतू होताच, पण पहिला हेतू वेगळा होता. त्याच्या मंडळीतले लोक रोज चौदा-चौदा, सोळा-सोळा तास राबत आणि ‘देवावर भरवसा ठेवून पोट भरत नाही’ म्हणत. मागितल्याशिवाय, केवळ प्रार्थनेवर, एखादी संस्था चालू शकते हे त्याला त्यांना दाखवायचं होतं. म्हणजे आमच्या भाषेत हा एक प्रयोग होता. आणि प्रयोग म्हटला की नोंदी आल्या. नोंदी चोख नसतील तर सिद्ध काहीच होत नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं.

सुरुवातीलाच एक गंमत झाली. जागेसाठी, पैशासाठी, कामाला माणसं मिळावीत म्हणून त्याने प्रार्थना केली होती. प्रवेश अर्ज घ्यायच्या दिवशी तो जाऊन बसला, तर एकही अर्ज आला नाही. मुलं मिळावीत अशी प्रार्थना करायचीच राहिली होती! हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. एप्रिल 1836 मध्ये विल्सन स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात 26 मुली दाखल झाल्या.

आलेली प्रत्येक गोष्ट तो लिही. पौंड, शिलिंग, पेन्स, अगदी अर्धा पेनीसुद्धा. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. आपल्या आजोबांच्या रुपये-आणे-पैसारखीच ही बेरीज, हाताने करायला किचकट. कपाट, चमचे, जुने कपडे, अंगठ्या अशा वस्तू आल्या तर त्यांचीही नोंद. देणाऱ्याला छापील पावती मिळे आणि दर वर्षीच्या अहवालात ती देणगी छापली जाई, पण नावाशिवाय. पुढे प्रत्येक देणगीला क्रमांक असे. आपल्या पावतीचा क्रमांक अहवालात शोधायचा, रक्कम जुळते का पाहायचं. कुणाची वाहवा नाही, कुणाला संकोच नाही, आणि लबाडीला जागा नाही. मी दिवसभर ऑफिसात जे करत होते, तेच हा माणूस टाक आणि दौत घेऊन पावणेदोनशे वर्षांपूर्वी करत होता.

त्याच्या नोंदींतली एक शिवणकाम करणारी बाई मला विसरता येत नाही. आठवड्याला जेमतेम काही शिलिंग कमावणारी, तब्येतीने नाजूक. तिला वारशाने काही पैसे मिळाले. त्यातले शंभर पौंड तिने अनाथालयासाठी दिले. म्युलरला तेव्हा पैशांची फार गरज होती. तरीही ते घेण्याआधी तो तिच्याकडे गेला आणि तिने भावनेच्या भरात हे ठरवलेलं नाही ना, नंतर तिला पश्चात्ताप होणार नाही ना, हे त्याने खोदून खोदून विचारलं. तिची खात्री पटल्यावरच पैसे स्वीकारले.

1838 च्या सप्टेंबरात पेटी रिकामी झाली. तीन घरांत मिळून शंभराच्या आसपास माणसं जेवणारी, आणि दूध-पावाचे पैसे रोज रोख द्यायचे, कारण उधारी करायची नाही हा नियम. काम करणारे लोक स्वतःजवळचे शिलिंग घालत होते. 18 तारखेला लंडनकडून आलेल्या एका बाईने आपल्या मुलीने पाठवलेले 3 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स आणून दिले. ती काही दिवसांपासून मुलांच्या घराला लागूनच उतरली होती. पैसे भिंतीपलीकडे होते आणि अलीकडे फाके पडायची वेळ आली होती. म्युलरला यात देवाची योजना दिसली. मला त्यात अजूनही आधी ती बाईच दिसते, आज देऊ उद्या देऊ म्हणत राहिलेली, आपल्यासारखी.

‘वार्षिक अहवाल छापणं म्हणजे मागणंच नाही का?’ असा आक्षेप त्याच्यावर घेतला जाई, आणि तो अगदी चुकीचा नव्हता. अहवाल वाचूनच लोक पैसे पाठवत. पण 1841 च्या अखेरीस फार ओढाताण होती तेव्हा त्याने अहवाल आणि सभा मुद्दाम काही महिने पुढे ढकलली. गरजेच्या वेळी हिशेब दाखवला तर ते हात पसरणं होईल, म्हणून. दुसरी एक गोष्ट मात्र मला पटली नाही. आईवडील दोघेही वारलेली आणि विवाहबंधनातून जन्मलेली मुलंच तो घेत असे. विवाहाबाहेर जन्मलेल्या लेकरांना तिथे दार बंद होतं. त्या लेकरांचा काय दोष? त्याच्या काळाची ही मर्यादा आहे आणि ती त्याच्या नावावर लिहिलीच पाहिजे.

1848 मध्ये त्याच्या मंडळीवर संकट आलं, आणि ते बाहेरून आलं नाही. प्लिमथच्या एका शिक्षकाची शिकवण चुकीची ठरवली गेली होती. त्याच्या मंडळीतले काही जण बेथेस्डात आले. ब्रेदरनांचे मोठे पुढारी जॉन नेल्सन डार्बी म्हणाले, यांना घेऊ नका. बेथेस्डाची भूमिका अशी, की प्रत्येक माणसाला आम्ही स्वतंत्रपणे तपासू, केवळ तो कुठून आला म्हणून दोषी धरणार नाही. डार्बींनी बेथेस्डाशी संबंध तोडले आणि ज्यांनी तोडले नाहीत त्यांच्याशीही तोडले. ब्रेदरनांचे दोन पंथ झाले, ‘खुले’ आणि ‘बंद’. ते आजही आहेत. आपल्या दोन ग्रुपांची आठवण झाली की मी हे प्रकरण पुन्हा वाचते.

विल्सन स्ट्रीटवर मुलांच्या गोंगाटाची तक्रार झाली. म्युलरला ती रास्त वाटली, म्हणून त्याने गावाबाहेर अ‍ॅशली डाउनवर जागा घेतली. 1849 मध्ये पहिली इमारत, 1870 मध्ये पाचवी. एका वेळी दोन हजारांवर मुलं तिथे राहू शकत. मुली साधारण सतरा वर्षांच्या होईपर्यंत राहत, मुलगे चौदा-पंधराव्या वर्षी कुठल्या तरी धंद्यात उमेदवारीला लागत. त्याच्या हयातीत दहा हजार मुलं त्या घरांत वाढली आणि जवळपास 15 लाख पौंड त्याच्या हातून गेले. सत्तरी गाठल्यावर तो जगभर प्रवचनांसाठी फिरू लागला. सतरा वर्षांत बेचाळीस देश. हिंदुस्थानातही आला. जानेवारी 1890 मध्ये जबलपूरला असताना त्याला तारेने कळलं, की एकुलती एक मुलगी लिडिया ब्रिस्टलला वारली.

आपल्याशी त्याचा एक धागा आहे, आणि तो अगदी जवळचा. गाडीने पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागायचं, आठवतं? तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं. रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे, की म्युलरच्या अनुभवांचं पुस्तक त्यांनी वाचलं होतं आणि अशा माणसांची चरित्रं वाचून, केवळ भरवशावर काम चालवता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला. अमेरिकेतल्या मंडळाने 1887 मध्ये कबूल केलेली दहा वर्षांची मदत संपत आली होती आणि 1896-97 च्या दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका पदरात होत्या, तेव्हाची ही गोष्ट. केडगावला रोजच्या भाकरीची काळजी असेल तेव्हा ब्रिस्टलच्या त्या वह्या त्यांच्या मनात असतील का, असं मला वाटून जातं.

10 मार्च 1898 रोजी पहाटे म्युलर गेला, ब्याण्णवाव्या वर्षी. आदल्या संध्याकाळी त्याने अनाथालयातली प्रार्थनासभा चालवली होती. त्याची स्वतःची मालमत्ता मोजली, तर घरसामानासकट सुमारे 160 पौंड भरली. आणि मग एक गोष्ट उघड झाली. वर्षानुवर्षं अहवालांत एक निनावी देणगीदार दिसे, ‘प्रभूचा एक सेवक’ अशा अर्थाच्या उल्लेखाने. तो स्वतः म्युलरच होता. लोकांनी त्याला व्यक्तिशः दिलेल्या पैशांतले 80 हजारांहून अधिक पौंड त्याने असेच परत दिले होते.

त्या इमारती संस्थेने 1958 मध्ये ब्रिस्टल महापालिकेला विकल्या. नंतर तिथे कॉलेज आलं, काहींमध्ये सदनिका झाल्या. मी होते तेव्हा कॉटहॅम पार्क भागात संस्थेचं छोटं संग्रहालय होतं. तिथे मुलांच्या नोंदींच्या जाडजूड वह्या होत्या. एका पाटीजवळ उभी असताना बुटात पैसे लपवणारा तो दहा वर्षांचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आला. मोठेपणी त्याने स्वतःवर विश्वास ठेवा असं कुणाला सांगितलं नाही. वही उघडी ठेवली.

आपल्याकडे ‘फार हिशेबी माणूस आहे’ असं म्हटलं, की तो टोमणाच असतो. पण आपल्या भूगोलाच्या बाई आठवा. आठवीच्या सहलीहून आल्यावर त्यांनी वर्गात फळ्यावर एस.टी.चं भाडं, जेवण, तिकिटं, सगळं मांडलं आणि प्रत्येकाच्या हातावर सव्वादोन रुपये परत ठेवले. आपण हसलो होतो. ‘बाई, राहू द्या की’ असं कुणीतरी म्हणालंही. त्यावर बाई एवढंच म्हणाल्या, ‘तुझ्या आईने मोजून दिले होते.’ आईने ते कसे मोजून दिले होते ते मला माहीत होतं. माझे हसू तिथेच थांबलं होतं.

बाई, तुम्ही या मेळाव्याला येणार आहात असं कळलं. तुमचा तो फळा मला दिवाळीत आठवला असता तर तीन दिवस फुगून बसले नसते. ज्याने प्रश्न विचारला, त्याची मी फोन करून माफी मागितली आहे. इथे सगळ्यांसमोर पुन्हा मागते. ग्रुप सोडून गेलेल्या दोघांनाही सांगते, चूक माझी होती, या.

पंचवीस वर्षांच्या मेळाव्याची शिल्लक आणि या मेळाव्याचा जमाखर्च स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर छापला आहे, पावती क्रमांकांसह, नावांशिवाय. आपापली पावती काढा आणि जुळवून पाहा. जुळत नसेल तर मला लगेच विचारा.